अकरा नंबरची पाटी

दोन मिनिटं झाली. मामांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मग गाडीतल्या घड्याळात पाहिलं. दोघांचं एकमत होतं. उजवीकडे खाणीचा रस्ता खाली उतरत होता, त्यावर कोणी नव्हतं. डावीकडे खांब होता, खांबावर पत्र्याची पाटी, पाटीवर अकराचा आकडा. खांबाखालीही कोणी नव्हतं. मामांनी हॉर्न दिला. एक लांब, दोन आखूड. गेले तीन आठवडे ते हा हॉर्न त्या खांबालाच ऐकवत होते.

मग त्यांनी फेरीपत्रक मांडीवर घेतलं. शाळेच्या तीन नंबरच्या गाडीत कुठल्या थांब्यावर किती पोरं चढली, हे त्यात रोज लिहायचं असे. अकराच्या ओळीत चौदा शून्यं एकापुढे एक बसली होती. आज पंधरावं बसलं की थांबा रद्द. परिपत्रकच तसं होतं. शाळेच्या सलग पंधरा दिवसांत थांब्यावर कोणी चढलं नाही, तर तो थांबा अनावश्यक समजावा आणि त्याची पाटी काढून ऑफिसात जमा करावी. पाटी काढायचं कामही ड्रायव्हरचंच. त्यासाठी एक पाना मामांच्या सीटखाली कायम असे.

या थांब्यावर चढणारी पोरगी एकच. तीन दिवसांपूर्वी खाणीवरून तिचा बाप चढ चढून वर आला होता. अंगभर दगडाची धूळ, त्यामुळे माणूस कुठे संपतो आणि खाण कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"आई पडलीय तिची," तो म्हणाला होता. "कमरेचं हाड गेलं. उठवाबसवायला दुसरं कोण आहे? चार-आठ दिवस सांभाळून घ्या."

"मी काय सांभाळणार? मी ड्रायव्हर."

"मग सांभाळणाऱ्याला सांगा."

मामांनी सांभाळणाऱ्याला, म्हणजे वाहतूक साहेबांना, सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, "मामा, परिपत्रकात आईचा उल्लेख नाही."

पेन्सिलीचं टोक पंधराव्या चौकोनावर टेकलं आणि थांबलं. गाडीत कोणी नव्हतं, कारण सकाळची गाडी इथूनच सुटायची. मामांनी उगाच मागे वळून पाहिलं. मग त्यांनी चौकोनात लिहिलं : १.

सव्वीस वर्षांतला हा त्यांचा पहिला खोटा आकडा. आकड्यांमध्ये सगळ्यात लहान तोच. त्याहून लहान शून्य, पण ते खरं होतं.

*

मामांना सख्खी बहीण नव्हती. तरी भाचरं इतकी की जुन्या भाच्यांची पोरं आता गाडीत बसत होती. मामा स्वतः नववीत शाळा सोडलेले. त्यांच्या काळी गाडीच नव्हती, त्यामुळे ती चुकायचा प्रश्नही नव्हता. कदाचित म्हणूनच त्यांना गाडीच्या वेळेचं भलतं वेड. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. पोरगं वीस पावलांवर धावत येताना दिसलं तरी मामा गिअर टाकत. "एकाला थांबलो तर दहा थांब्यांवरची पोरं ताटकळतात," असं ते म्हणत, आणि हे बरोबरच होतं. जगात ज्याच्या त्याच्या जागी सगळे बरोबरच असतात, त्याशिवाय इतका घोळ होत नाही.

आठ वर्षांपूर्वी शाळेने त्यांना अचूक नोंदींबद्दल प्रशस्तिपत्र दिलं होतं. ते घरात विजेच्या मीटरवर टांगलेलं होतं. मीटर दिसायला वाईट, असं बायकोचं म्हणणं.

मुलगी चार दिवसांनी उगवली. शाळेत तिला नाव होतं, पण गाडीत तिला सगळे 'शेवटची' म्हणत, कारण संध्याकाळी सगळ्यांत शेवटी तीच उतरायची. सकाळी पहिली चढायची, पण पहिली म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. शेवटच्या वर्गात होती. खाणीवरच्या वस्तीत शाळा पूर्ण केलेलं माणूस अजून निपजलेलं नव्हतं.

"मामा, थांबा गेला नाही?" पायरीवर उभं राहूनच तिने विचारलं.

"गेला असता तर मी इथे हवा खायला आलोय का?"

"मी दिवस मोजत होते. पंधरा झाल्यावर पुस्तकं माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी आईला भरवत होते, तर हॉर्न वाजला." ती हसली. "आई म्हणाली, मामाला मोजता येत नाही वाटतं."

"बस खाली. आई कशीय?"

"पडून आहे. शेजारची दुपारपर्यंत बघते. पण मामा, मोजायला चुकलात का खरंच?"

"चुकलो," मामा म्हणाले आणि गिअर टाकला.

पुढच्या आठवड्यात शालान्त परीक्षेचं वेळापत्रक लागलं. एका सकाळी गाडी आली तेव्हा शेवटची खांबाच्या मागे टाचा उंचावून उभी होती आणि पाटीच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होती. मामा खाली उतरले. सात ओळी होत्या. विषय, तारीख, आणि प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन.

"शाळेची मालमत्ता आहे ती!"

"घरात कागद टिकत नाही मामा. धाकट्यांच्या हातून वाचला तर चुलीत जातो. इथे कोण जाळतंय?"

"म्हणून पाटीवर?"

"पुढची बाजू शाळेची आहे. मागची कुठे कोणाची आहे?"

 मामांनी घड्याळ दाखवलं.

*

समिती आली ती त्यानंतर दोन आठवड्यांनी. नववीत शंभर पोरं बसली तर शालान्त परीक्षा पास होऊन बाहेर पडतात एकोणतीस, हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. उरलेल्या एकाहत्तरांना कोण जबाबदार, हे समितीने शोधायचं होतं. अध्यक्ष जाड होते, सभ्य होते आणि त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. दुसरे सभासद चष्मेवाले. तिसऱ्या एक बाई, त्या टिपणं घेत. ग्रंथालयात तीन दिवस बैठक चालली. ग्रंथालय त्यासाठी मुद्दाम उघडलं होतं.

शिक्षक म्हणाले, पोरं येतच नाहीत, शिकवायचं कोणाला? पालक म्हणाले, शिकवतच नाहीत, पाठवायचं कशाला? बाईंनी दोन्ही जबान्या एकाच पानावर घेतल्या, कागदाची बचत म्हणून. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी सांगितलं की खालच्या शाळेतून पायाच कच्चा येतो. खालच्या शाळेच्या गुरुजींनी सांगितलं की घरातूनच तसा येतो. घरांपैकी कोणाला बोलवायचं हे न ठरल्यामुळे ती साखळी तिथे तुटली. खापर हातोहात फिरत होतं, पण फुटायला डोकं सापडत नव्हतं.

सगळे कागद मात्र चोख होते. समितीतल्या बाई रात्रंदिवस एक रजिस्टर दुसऱ्याशी ताडून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सापडलं. त्यांनी मामांना बोलावून घेतलं. मामांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि आत गेले.

"या तारखेला," बाई म्हणाल्या, "अकरा नंबरवर एक विद्यार्थिनी गाडीत चढली. तुमचीच नोंद ना?"

"माझीच."

"वर्गाच्या हजेरीत त्या दिवशी ती गैरहजर आहे."

चष्मेवाले एकदम पुढे सरकले. "म्हणजे मुलगी गाडीत चढली आणि शाळेत उतरलीच नाही? मग मध्ये गेली कुठे? याचं गांभीर्य कळतंय का तुम्हाला?"

"ती चढलीच नव्हती साहेब."

"मग लिहिलंत कसं?"

"शून्य लिहिलं असतं तर थांबा गेला असता. थांबा गेला असता तर ती गेली असती."

अध्यक्षांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे खोटी नोंद केलीत."

"केली. एक."

बाईंचं पेन थांबलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी आपण केलं असं म्हटलं होतं. अध्यक्षांचा चेहरा उजळला. माणूस वाईट नव्हता तो, पण तीन दिवस उपाशी बसलेल्याच्या पुढे ताट आल्यावर त्याने काय करावं?

मामांनी आता निघायला हवं होतं, पण ते गेले नाहीत. कदाचित समोरचे तिघं पहिल्यांदाच ऐकत होते म्हणून.

"साहेब, ते पोरं गळण्याचं विचारत होता ना तुम्ही? त्यात माझं आहे काहीतरी. मी पाच थांबे बंद केलेत. चार, सहा, सात, नऊ आणि दहा."

"तुम्ही?"

"चारवर जुळे भाऊ होते. गोवर आला. एकाचा उतरला तेव्हा दुसऱ्याला उठला. सतरा दिवस. मी पंधरा शून्यं लिहिली आणि पाटी काढली. बरे होऊन दोघं खांबाखाली येऊन उभे राहायचे, गाडी वरच्या रस्त्याने जायची, मला आरशात दिसायचे. सातवर एकाचा पाय मोडला होता. हाड जुळायला सहा आठवडे लागतात साहेब. हे हाडाला कळतं, परिपत्रकाला कळत नाही. नऊ आणि दहा..."

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "या पाचही ठिकाणी नोंदी खऱ्या होत्या?"

"एकूण एक खऱ्या. प्रशस्तिपत्र मिळालंय मला."

"मग त्यात काही गैर नाही. ते नियमानुसारच आहे." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "ते घेऊ नका."

बाईंनी घेतलेलं खोडलं.

*

अहवाल चाळीस पानांचा झाला. साडेएकोणचाळीस पानांत जबाबदारी सामूहिक आहे, व्यापक आहे, बहुपदरी आहे असं म्हटलं होतं. अशी जबाबदारी उचलायला वाकावं लागत नाही. उरलेल्या अर्ध्या पानावर मामा होते. त्यांच्या खोट्या नोंदीमुळे यंत्रणेची दिशाभूल झाली, सबब त्यांना गाडीवरून काढून भांडारात बसवावं. आणि थांबा क्रमांक अकरा मूळ तारखेपासूनच रद्द समजावा. परीक्षेला एक महिना होता.

मामा वाहतूक साहेबांकडे गेले.

"मला बसवा कुठेही. पण एक महिना गाडी खाणीपर्यंत जाऊ द्या. पोरगी रोज येतेय आता."

"मामा, काल सांगितलं असतं तर गुपचूप जमवलं असतं," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आता अहवालात नाव आलंय थांब्याचं. छापून आलं की मेलेल्या माणसालासुद्धा जिवंत होता येत नाही, हा तर खांब."

"तिने यायचं कसं?"

"जवळच्या थांब्यावरून."

जवळचा थांबा म्हणजे दहा. तो मामांनी बंद केला होता. त्याच्या अलीकडचा नऊ. तोही. म्हणून जवळचा थांबा आता आठ होता, आणि तो खाणीपासून नऊ किलोमीटर होता.

घरी बायकोने ऐकून घेतलं. मग ती स्टुलावर चढली आणि मीटरवरचं प्रशस्तिपत्र काढायला लागली.

"असू दे गं. मीटर दिसेल."

"दिसू दे. मीटर तरी खरं चालतं." ती फ्रेम पुसत बोलत राहिली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ही माणसं."

"संन्यासी कसला? पाच पाट्या आहेत माझ्या नावावर."

"त्या का तुम्ही मनाने काढल्या?"

"पाना माझ्याच हातात होता ना."

 बायकोने फ्रेम कपाटामागे ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे मोडकी बाकं होती, फुटके पृथ्वीगोल होते, आणि कोपऱ्यात पाच पाट्या एकावर एक रचलेल्या होत्या. मामांची खुर्ची नेमकी त्यांच्या समोर आली होती. ती हलवायला जागा नव्हती.

तीन नंबरची गाडी आता बदली ड्रायव्हर चालवत होता. तिशीतला, नम्र गडी. मामांनीच त्याला हाताखाली घेऊन शिकवलेलं. गाडीसाठी हातपुसणी न्यायला तो भांडारात आला तेव्हा मामांनी विचारलं, "आठवर शेवटची येते का रे?"

"येते की. पहाटे साडेचारला निघते म्हणे. धापा टाकत पोचते. कधी सापडते, कधी नाही."

"जरा थांबत जा तिच्यासाठी."

"मामा, असं काय करता? तुम्हीच शिकवलंत. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. आणि आता तर माझ्या पत्रकावर सगळ्यांचा डोळा आहे."

"मी सांगितलं होतं ते वेगळं."

"काय वेगळं?"

मामा हातपुसण्या मोजत राहिले. सहा होत्या. त्यांनी पुन्हा मोजल्या.

*

परीक्षेच्या दुसऱ्या आठवड्यात साहेब स्वतः जिन्याखाली वाकून आले. भांडाराची तपासणी जवळ आली होती. रद्द थांबे सहा आणि जमा पाट्या पाच, हे जुळत नव्हतं.

"अकराची पाटी खांबावरच राहिलीय मामा. गाडी तिकडे जात नाही, मग आणणार कोण? आज ट्रक खाणीवर खडी आणायला जातोय. समिती पुन्हा येणार आहे, अंगणात धूळ नको. तुम्ही त्यातून जा आणि घेऊन या."

मामांनी पाना घेतला.

खाणीवर ट्रक मागे घेऊन लावला. खडी भरायला बायका-माणसं रांगेने आली, डोक्यावर घमेली. मामा ट्रकच्या सावलीत उभे होते. रांगेतलं सहावं घमेलं शेवटचीच्या डोक्यावर होतं. तिने ते फळीवरून आत ओतलं, धूळ उडाली, आणि मग तिला मामा दिसले.

"मामा! तुम्ही ट्रकवर आलात?"

"एका दिवसापुरता. आज पेपर नाही?"

"आहे. चौथा." तिने घमेलं कमरेला लावलं. "दोन दिले मी. चांगले गेले. तिसऱ्याच्या आदल्या रात्री आईला झोप लागेना, निघायला उशीर झाला. आठवर पोचले तेव्हा गाडी वळणावर होती. हाक मारली. त्याने आरशात बघितलं बहुतेक."

"थांबला नाही?"

"दोन मिनिटं झाली असतील मामा. त्याचं काय चुकलं?"

 एक पेपर बुडाला की पूर्ण वर्ष बुडतं, हे दोघांना माहीत होतं.

"पुढच्या वर्षी देशील," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. मामांना वाईट वाटू नये, इतक्याच जोरात.

रांगेतून तिच्या बापाने हाक मारली. "येते!" तिने ओरडून सांगितलं. मग मामांच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. "पाटी न्यायला आलात?"

"न्यावी लागते."

दोघं चढ चढून खांबापाशी गेली. बोल्ट गंजले होते. पहिला निघाला. दुसरा फिरेना. पाटी एका बाजूने लोंबायला लागली आणि मामांना एका हाताने ती धरून दुसऱ्याने पाना फिरवणं जमेना.

"सोडा. मी धरते," शेवटची म्हणाली आणि तिने पाटी दोन्ही हातांवर घेतली.

बोल्ट करकरत सुटला. पाटी तिच्या हातात आली. तिने ती उलटी केली. सात ओळी तशाच होत्या. पहिल्या दोन चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या, ठसठशीत. तिसरा रिकामा होता आणि खालचेही.

तिने थोडा वेळ पाहिलं. मग अंगठा ओला केला आणि पुसायला लागली. आधी तारखा गेल्या, मग विषय. पेन्सिल पत्र्यात बसली होती, सहज जात नव्हती. बाही पंज्यावर ओढून तिने रगडून रगडून पुसलं. बाही काळी झाली.

"राहू दे ना," मामा म्हणाले. "असू दे ते."

"नको. तपासणीत बघतील. ऑफिसची वस्तू आहे, पुन्हा तुम्हालाच बोलतील." खुणा सगळ्यांत शेवटी निघाल्या, कारण त्या दाबून केल्या होत्या. तिने पाटी उन्हात तिरपी धरून नीट पाहिली आणि मामांच्या हातात दिली. "घ्या. झाली साफ."

मग घमेलं उचलून ती उतारावरून खाली गेली.

संध्याकाळी मामांनी भांडाराचं रजिस्टर उघडलं. नवीन ओळ घातली. वस्तू : पाटी क्रमांक अकरा. नग : एक. स्थिती : चांगली. 'शेरा' हा रकाना एरवी ते मोकळा सोडत. आज त्यांनी पाटी उलटी करून दिव्याखाली धरली, बराच वेळ पाहिली, आणि त्यात लिहिलं : मागची बाजू कोरी.

नोंद अचूक होती.